पाय नाही, पण दुखणं आहे

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "मी ठीक आहे" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई बाबांसमोर बोलत नाही. म्हणून पत्र.

बाबा, गेलेल्या पायाचा अंगठा पिळवटतो, तळव्याची आग होते, हे तुम्ही आईला सांगितलंत आणि वर "कुणाला सांगू नकोस, वेडा म्हणतील" असंही बजावलंत. कुणी वेडा म्हणणार नाही. सोळाव्या शतकात आंब्रोआझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने असं दुखणं लिहून ठेवलंय. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धातले जखमी सैनिक तपासणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये त्याला ‘फँटम लिंब’, म्हणजे भासणारा अवयव, म्हटलं. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शाबूत असते आणि कापलेल्या नसा संदेश धाडत राहतात. आई, "मनावर घेऊ नका" हे तूही आता बंद कर बघ.

डॉक्टरांना नेमकं सांगा: कळ नसलेल्या पावलात येते की उरलेल्या पायाच्या टोकाला? टोकाशी एकाच जागी बोट लावलं की शॉक बसत असेल, तर तिथे नसेची गाठ, म्हणजे न्यूरोमा, झालेली असू शकते. कृत्रिम पायाचं सॉकेट, म्हणजे पायाचं टोक ज्यात बसतं ती वाटी, तिथेच दाबत असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं लागेल, नुसत्या गोळ्या वाढवून भागणार नाही. लाली, गरमपणा, पाणी येणं यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच जा. साखर असणाऱ्याने तर नक्कीच.

साध्या पॅरासिटामॉलने नसेचं दुखणं सहसा हटत नाही. गॅबापेंटिन मूळचं फिटचं औषध, पण अशा दुखण्यावर देतात. डोस हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे लागतात. त्यामुळे चार दिवसांत "उपयोग नाही" म्हणून सोडू नका, आणि मनाने एकदम बंद तर मुळीच करू नका. किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा. आणि ते गुलाबी अँटासिड! अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं असेल तर त्यानंतर दोन तास तरी गॅबापेंटिन घेऊ नका, नाहीतर औषध अंगात नीट शोषलं जात नाही.

या गोळीने झोप आणि गरगर येते. मला खरी भीती रात्रीची आहे. झोपेत पाय आहे असं वाटून माणूस उठतो आणि पडतो. वॉकर पलंगाला टेकवून ठेवा, दिवा चालू राहू दे. आई, त्यांनी कितीही कुरकुर केली तरी.

आता आरसा. मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात पुढे आणलेली युक्ती आहे. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा असा ठेवायचा की कापलेल्या पायाचा उरलेला भाग त्याच्यामागे झाकला जाईल आणि चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल. मग चांगला पाय सावकाश हलवायचा, बोटं मिटायची-उघडायची, आणि बघायचं फक्त आरशात. रोज पंधराएक मिनिटं, काही आठवडे. २००७ मध्ये अमेरिकेत पाय गमावलेल्या सैनिकांवर छोटा प्रयोग झाला होता. आरसा वापरणाऱ्या सहाही जणांचं दुखणं चार आठवड्यांत कमी झालं. सहा म्हणजे फारच थोडे, आणि सगळ्यांना असा गुण येत नाही. पण खर्च आरशाचा, धोका जवळपास नाही, तेव्हा करून बघायला काय हरकत आहे? पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करा. मळमळलं किंवा फार अस्वस्थ वाटलं तर थांबा.

एवढ्यानं भागलं नाही तर कापलेली नस जवळच्या स्नायूच्या नसेला जोडायची शस्त्रक्रियाही असते. ती सगळीकडे होत नाही. आत्ताच त्या विचाराने झोप घालवू नका.

दुखणं केव्हा आलं, दहापैकी किती होतं, तेव्हा काय चाललं होतं, हे आईने वहीत लिहावं. बाबांना विचारलं तर ते दोनच सांगतील, म्हणून चेहरा बघून आईचाही आकडा शेजारी लिही. पुढच्या भेटीला वही, सगळी औषधं आणि सॉकेट सोबत न्या. मला तिथूनच फोन लावा, मी स्वतः डॉक्टरांशी बोलते.

तुमची,
धाकटी