सासूबाईंची मिशी काढणाऱ्या स्टुडिओवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून नुसतंच काका. 'मिशीवाली आजी' म्हटलं की पत्र कुणाचं ते कळेलच.

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला घरच्याच माणसांची रंगवायची वही करावी, ही हौस माझी. मोबाइलवर फोटोचं रेघांचं चित्र करून देणारं एक ॲप घेतलं, हाताला लागतील ते दहा फोटो त्यात घातले. पहिल्याच पानावर सासूबाईंना मिशी! फोटो भर दुपारच्या उन्हातला. नाकाखालच्या सावलीची ॲपनं रेघ केली. लेक हसून लोळली, सासूबाई दोन दिवस गप्प.

तेच पान घेऊन मी तुमच्याकडं आले. तुम्ही छापून देऊन मोकळे झाला असता तरी चाललं असतं. पण तुम्ही माझा मोबाइल मागून घेतला आणि गिऱ्हाईक बाजूला ठेवून येळवशीचे, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात जेवायला जातो त्या सणाचे, सगळे फोटो बघत बसलात.

माझा जीव होता तो कोपीसमोरच्या फोटोवर. सगळं गोत एका जागी, सत्तावीस माणसं. तुम्ही म्हणालात, "ताई, फोटो लाखात एक हाय. पण रंगवायचं लेकराला हाय, तुम्हाला न्हाई." मला रागच आला, खोटं कशाला बोलू? मग तुम्ही तो संगणकावर रेघांत करून दाखवला. तोंडं शेंगदाण्याएवढी, आणि मागं कडब्याच्या कोपीचं एकेक धाट म्हणजे एकेक रेघ. खडूचं टोक ठेवायला जागा नाही.

"उजेड न् अंधार जिथं भिडतात तिथं रेघ पडती," एवढंच तुम्ही सांगितलंत, आणि मला पुढचे फोटो आपोआप दिसायला लागले. आंब्याखाली जेवायला बसलेल्या जावांच्या तोंडावर पानांच्या सावल्यांचे ठिपके. नणंदेच्या पैठणीच्या पदरावरचे मोर. डोळ्याला किती छान, पण रेघांत सगळा गुंताच.

आबांचा चुन्याच्या भिंतीला टेकलेला फोटो मी नक्की धरला होता. तुम्ही तो काळा-पांढरा केलात आणि मला डोळे बारीक करून बघायला लावलंत. धोतर पांढरं, टोपी पांढरी, भिंत पांढरी. आबा गायब, उरला तो चष्मा.

शेवटी तुम्ही निवडला तो मी पुसून टाकणार होते. नांगरलेल्या रानात आबा उकिडवे बसलेत, हातात आंबिलाचं मडकं, कुणाला तरी हाक मारताना तोंड उघडं. सकाळचं कोवळं ऊन, पांढऱ्या धोतरामागं काळीभोर माती. त्या मातीनंच आबांची कड न् कड उठून आली. धोतराच्या निऱ्यासुद्धा मोजून घ्याव्यात!

तो फोटो घरच्या ग्रुपवरून उतरवलेला, म्हणजे दाबून बारीक झालेला, हेही तुम्हीच ओळखलंत. ए-फोर पान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, भरायला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, असं बिलाच्या पाठीवर लिहून दिलंत. दिराकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे न दाबलेला, मागवायला लावलात. तो चिटोरा मी अजून फ्रीजला लावून ठेवलाय.

पानं सहाच झाली. पैसे मात्र तुम्ही फक्त छपाईचे घेतलेत. निवडायला घातलेल्या दोन तासांचं नावही काढलं नाहीत. म्हणून हे पत्र.

लेकीनं आबांचं धोतर जांभळं केलंय आणि माती हिरवी. आबा ते पान पारावर नेऊन दाखवून आले. यंदा येळवशीला शेतात यायचं तुम्हाला त्यांचं आवतन आहे. भज्जी, उंडे, आंबील, सगळं आमच्याकडं. फक्त तेवढं काऊंटरच्या काचेखालचं मिशीवालं पान काढून ठेवा. परवा सासूबाई पासपोर्ट फोटोला येणार आहेत.

आपली,
येळवशीवाली ताई