सुतारकाका, घर घेतलं!

सुतारकाका,

समोर होतात तेव्हा "बरं झालं आलात" एवढंच तोंडून निघालं. म्हणून आता चारचौघांत लिहितेय.

आम्ही घ्यायला निघालेल्या घराच्या छपराला मधोमध चांगलाच झोळ पडला होता. दलाल म्हणाला, जुन्या घरात एवढं चालायचंच. पैसे मोजून बोलावलेल्या तज्ज्ञांनी अंगणातूनच मान वर केली आणि सांगितलं, पाडा, स्लॅब टाका. शिडीला हात लावायची तसदी दोघांनीही घेतली नाही. अहवाल मात्र आला, शिक्क्यासकट!

तुम्ही माळ्यावर चढलात आणि थोड्या वेळाने मलाच वर बोलावलंत. हातात पटाशी दिलीत. "मी सांगतो म्हणून नको, तुम्हीच टोचून बघा." वाशाच्या मध्यावर पटाशी टणकन उडाली. भिंतीवर टेकलेल्या टोकाशी मात्र बोटभर आत गेली, ओलसर तपकिरी भुगा बाहेर आला. गळतीचं पाणी भिंतीच्या माथ्यावर मुरून तेवढंच टोक कुजलं होतं. मग बॅटरी मारून एक चीर दाखवलीत. आत धूळ, कोळिष्टकं, म्हणजे जुनी. ताजी असती तर आतलं लाकूड उजळ दिसलं असतं. माळ्यावर वावरताना डोक्याला लागते म्हणून कुणा शहाण्याने समोरासमोरच्या वाशांना धरून ठेवणारी आडवी तुळईच कापली होती, तिची उरलेली टोकंही तुम्हालाच सापडली. तिचा ताण गेल्यावर वासे पाय फाकवून भिंतींना बाहेर रेटत होते.

मला यातलं काही कळत नाही हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. ते खरंही होतं. पण त्याचा फायदा न घेता मला समजावून द्यावं, हे फक्त तुम्हाला सुचलं. ज्याला काम येतं त्याला समोरच्याला घाबरवावं लागत नाही बहुतेक. आणि "दुरुस्ती माझ्याकडूनच करून घ्या असं काही नाही" हे वर!

दुरुस्तीचा तपशील इथे लिहीत बसत नाही. मात्र जॅक लावून झोळ एका दमात सरळ करायचा नाही, वर्षानुवर्षं ओझ्याखाली वाकलेलं लाकूड हट्टाने उचललं तर सांधे फुटतात, हे मी आता येईल त्याला ऐकवते.

तुळई तुम्हीच चढवायची आहे, तारीख कळवा. पाहणीचे पैसे तेव्हा घेतले नाहीत, ते या खेपेला मजुरीत धरा. नाही म्हणालात तर घरातले सगळे भांडायला तयार आहेत.