बॉडी लिफ्ट घरी करणार असशील तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. जुन्या गाडीला घरच्या घरी बॉडी लिफ्ट करायची, म्हणजे बॉडी आणि चासी (खालचा लोखंडी सांगाडा) यांच्या मध्ये ठोकळे घालून बॉडी वर घ्यायची, हे तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. पण तू दोनच गोष्टी विचारल्यास, किट कोणतं घेऊ आणि जॅक कुठे लावू. त्या आधी दुसरं बरंच काही येतं. बॉडी उचलणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग हा, की बॉडी वर जाते तेव्हा चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि डिझेलची टाकी जागच्या जागी राहतात. त्यामुळे वरच्या भागातून खालच्या भागात जाणारी प्रत्येक गोष्ट, मग तो पाइप असो, वायर असो की रॉड, तेवढीच ताणली जाते. त्या सगळ्या गोष्टी आधी शोधून काढ. एकदा त्या सापडल्या की उचलण्याचं काम निवांत होतं.

तुझ्या धाकट्या भावालाही त्याच्या गाडीला हेच करायचंय, असं लिहिलंस. त्याला आधी थांबव. ज्या गाडीची बॉडी वेगळी आणि चासी वेगळी, आणि दोघींच्या मध्ये रबरी माउंट, त्याच गाडीला बॉडी लिफ्ट होते. मोनोकॉक गाडीत बॉडी आणि चासी एकच असते, तिथे मध्ये ठोकळा ठेवायला जागाच नाही. नुसत्या नावावरही जाऊ नये. पजेरोच्या पहिल्या दोन पिढ्या लॅडर फ्रेमच्या, म्हणजे वेगळ्या चासीच्या होत्या, तिसरी १९९९ मध्ये आली ती मोनोकॉक. डिफेंडरचंही तेच झालं. २०१६ मध्ये उत्पादन थांबलेली जुनी गाडी चासीवरची, त्यानंतर त्याच नावाने आलेली नवी मोनोकॉक. भावाला गाडीखाली आडवं होऊन बघायला सांग. पुढून मागे जाणारे दोन जाड लोखंडी दांडे आणि त्यांच्यावर ठरावीक अंतरावर रबरी माउंट दिसले, तरच पुढचं बोलणं.

आता तुझ्या गाडीबद्दल. बॉडी लिफ्टने नेमकं काय मिळतं ते मनात स्पष्ट असू दे. डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा, जमिनीपासून जेवढा उंच होता तेवढाच राहतो, चासीही तशीच. वाढते ती फक्त टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा, म्हणजे मोठे टायर बसवायची सोय होते. ३१ इंची टायर काढून ३३ इंची घातलेस, तर व्यास दोन इंचांनी वाढला, पण डिफरन्शियल त्याच्या निम्म्याने, एकच इंच वर गेला. मोठे टायर घालायचेच नसतील तर हा सगळा खटाटोप करू नकोस असंच मी सांगेन. घालायचे असतील तर मात्र सस्पेन्शन लिफ्टपेक्षा, म्हणजे स्प्रिंग बदलून अख्खी गाडी उंच करण्यापेक्षा, मला हाच मार्ग आवडतो. स्प्रिंगला हात लागत नाही, अ‍ॅक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलत नाहीत, चालवताना गाडी ओळखीचीच वाटते. इंजिन आणि गिअरबॉक्ससारखे जड भाग खालीच राहतात, म्हणून गुरुत्वमध्यही तेवढ्याच इंचांच्या सस्पेन्शन लिफ्टपेक्षा कमी वर जातो. वर जातो हे मात्र खरं. वळणावर ते लक्षात असू दे.

किती उंच करायची? बाजारात एक ते तीन इंचांची किट मिळतात. तुझा टायर एका इंचात बसत असेल तर एकच इंच कर. तीन इंचांच्या मी सरळ विरोधात आहे. बॉडीला धरून ठेवणारे बोल्ट मुळात आखूड असतात. ठोकळ्याची उंची वाढली की बोल्टचा उघडा भाग लांबतो आणि जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली की त्याच बोल्टवर वाकवणारा जोर वाढतो. दोन इंचांपर्यंत चांगल्या किटमध्ये हे निभावतं. त्यापुढे स्टिअरिंग, गिअरचे दांडे, बंपर या सगळ्याच गोष्टी हाताबाहेर जायला लागतात.

ठोकळे नायलॉनचे, कडक पॉलियुरेथेनचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे घे, आणि प्रत्येक माउंटला एकच, अखंड. दोन पातळ ठोकळे एकावर एक रचू नकोस. लाकडाचे तर अजिबात नको, लाकूड ओलं होतं, आक्रसतं, फाटतं. काही लोक आइस हॉकीची चकती भोक पाडून वापरतात, कारण ती बरोबर एक इंच जाड आणि तीन इंच रुंद असते. तीही नको. ती रबराची असते, दाबाखाली हळूहळू बसते आणि बोल्ट सैल पडतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असायला हवं. ८.८ म्हणजे साधारण ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जाणारा. खूण नसलेला बोल्ट कितीही जाड दिसला तरी परत पाठव.

आता मुख्य काम. बॉनेट उघड, टॉर्च घे आणि बॉडीकडून चासीकडे जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रंगीत चिकटपट्टी लाव. वहिनींना टॉर्च धरायला आणि वहीत लिहायला सांग, दोन माणसांना जास्त दिसतं.

सगळ्यात आधी स्टिअरिंग. कॉलम बॉडीवर असतो आणि स्टिअरिंग बॉक्स चासीवर. मधला शाफ्ट सरकता असतो, पण त्याला ठरावीकच वाव असतो. लिफ्टनंतर एक नळी दुसरीत पुरेशी आत राहत नसेल, तर किटमधला जोड घालायलाच हवा. इथे अंदाजाने चालवू नकोस, मोजून बघ. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची रेघ मार आणि चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग कुलूप लावून किंवा दोरीने बांधून टाक. तुझ्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे. शाफ्ट सुटलेला असताना स्टिअरिंग गरगर फिरलं, तर आतली गुंडाळलेली वायरची पट्टी तुटते आणि एअरबॅगची जोडणीच जाते.

मग पंखा. तुझ्या गाडीचा पंखा इंजिनावर बसलेला आहे. रेडिएटर आणि त्याचं आवरण बॉडीबरोबर वर जाणार, पंखा खालीच राहणार, आणि आवरणाची खालची कड पात्यांजवळ येणार. चालू इंजिनात पातं त्या कडेला लागलं तर आवरण फुटतंच, तुकडा रेडिएटरमध्येही घुसू शकतो. जेवढी लिफ्ट तेवढाच रेडिएटर खाली घेणारे ब्रॅकेट बसव, हा माझ्या मते सर्वांत स्वच्छ उपाय. निदान आवरण तरी खाली सरकव. पंखा विजेवरचा आणि रेडिएटरलाच बसवलेला असता, तर ही भानगडच नव्हती.

डिझेल भरायचं तोंड बॉडीवर आणि टाकी चासीवर. मधला रबरी पाइप आणि त्याच्या शेजारचा बारीक हवेचा पाइप, दोन्ही ताणले जातात. जुनं रबर ताणलं की क्लिपपाशी चिरतं. दोन्ही बदल, आणि इंधनासाठीच बनवलेलं रबर वापर. जाड दिसतो म्हणून पाण्याचा पाइप लावू नकोस, डिझेलने तो फुगून मऊ पडतो.

ब्रेकचं नीट समजून घे. चासीवरून चाकांकडे जाणाऱ्या रबरी पाइपांना काही होत नाही, चासी आणि चाकं आपल्या जागीच आहेत. पण मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग, बॉडीवर आहे आणि तिथून निघालेल्या लोखंडी नळ्या चासीवर उतरतात. त्यांना वेटोळं असेल तर क्लिपा सैल करून हळूच जागा करून देता येते. सरळ ताणलेली नळी असेल तर नवी, लांब नळी करून घे. हे काम ब्रेकच्या जाणत्या मेकॅनिककडून करवून घेतलंस तरी मला बरंच वाटेल. क्लचचा पाइपही असाच गिअरबॉक्सकडे जातो. हँडब्रेकची केबल, हीटरचे पाइप आणि एसीचे पाइप याच पंगतीतले. एसीचे पाइप उघडू नकोस, आत दाबाखाली वायू असतो. फक्त त्यांना धरणाऱ्या क्लिपा सोड.

गिअरचे दांडे लोक विसरतात. दांडा गिअरबॉक्सवर आणि भोक फरशीत. बॉडी वर गेली की दांडा भोकात बुडतो आणि हलवताना कडेला टेकतो. टेकला की गिअर पूर्ण बसत नाही आणि चढावर निसटतो. फोर व्हीलच्या दांड्याचंही तेच. म्हणून लिफ्टनंतर इंजिन बंद ठेवून दोन्ही दांडे प्रत्येक जागी नेऊन बघ, कड लागत असेल तर भोक वाढव किंवा दांडा वाकवून घे.

अर्थिंगच्या पट्ट्याही शोध. इंजिन किंवा चासीपासून बॉडीकडे येणारी एखादी विणलेली पट्टी लिफ्टमध्ये तुटली, तर विजेचा प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि मग दिवे मंद होणं, काटे नाचणं असे प्रकार सुरू होतात. लोक नंतर महिनोन्‌महिने वायरिंग तपासत बसतात. एक लांब पट्टी आधीच लावून टाक.

आता बोल्ट. तुझी गाडी जुनी आहे, तेव्हा माउंटचे बोल्ट गंजलेलेच असणार. काम करायच्या आधी काही दिवस रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारत जा, वरून आणि खालून दोन्हीकडून. अनेक माउंटचे नट बॉडीच्या आत पिंजऱ्यात अडकवलेले असतात. जोर जास्त झाला तर पिंजरा सुटतो, नट आतल्या आत फिरतो आणि मग फरशी कापून त्याला धरावं लागतं. म्हणून इम्पॅक्ट गन दूर ठेव. लांब दांड्याचा पाना लाव, थोडा सैल कर, परत आवळ, परत सैल कर, असं पुढे-मागे करत काढ. आच देऊ नकोस, शेजारी रबर आहे आणि इंधनाच्या नळ्या आहेत.

उचलण्याच्या दिवशी गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, चाकांना पुढून-मागून पाचरी. बॅटरीची ऋण बाजू सोडव. दोन्ही बाजूंचे सगळे बोल्ट सैल कर, पण पूर्ण काढ एकाच बाजूचे. दुसऱ्या बाजूचे काही आटे धरून राहू देत, म्हणजे बॉडी सरकणार नाही. जॅक कडेच्या पातळ पत्र्याला लावू नकोस. माउंटजवळच्या भक्कम जागेखाली लांब, जाड फळी घाल आणि फळीखाली जॅक. अर्धा इंच उचल, थांब, चिकटपट्ट्यांची सगळी ठिकाणं बघून ये. पुन्हा अर्धा इंच. ठोकळा सरकेल इतकीच उंची पुरे, त्याहून जास्त नको.

आणि हे वाक्य दोनदा वाच: बॉडी आणि चासीच्या फटीत हात घालायचा नाही. आधी फटीत लाकडी ओंडके घाल, मग ठोकळा पकडीने किंवा काठीने सरकव. बॉडी जॅकवर असताना कोणीही गाडीखाली जायचं नाही, मुलांना तर त्या बाजूला फिरकूही देऊ नकोस.

ठोकळा बसला की नवा बोल्ट हातानेच निदान चार-पाच आटे चढायला हवा. चढत नसेल तर भोकं जुळलेली नाहीत. बॉडी किंचित हलव, पान्याने रेटू नकोस. एक बाजू सैलच ठेवून दुसरी बाजू कर. सगळे बोल्ट लागले, बॉडीचं वजन ठोकळ्यांवर पूर्ण आलं, की मगच टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळ. आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधून किंवा किटच्या कागदावरून घे. आट्यांना ग्रीस किंवा अँटिसीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप) लावलं असेल तर तोच आकडा वापरल्याने बोल्ट जास्त ताणला जातो, हे ध्यानात ठेव.

नंतरची कामं छोटी आहेत. बंपर चासीवर असल्याने खाली राहिलेला दिसेल, त्याला ब्रॅकेटने वर घे. हेडलाइट उंच झाले, त्यांचा झोत खाली कर, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. मोठ्या टायरने स्पीडोमीटर कमी दाखवतो. ३१ वरून ३३ केलेस तर काट्यावर ८० असताना गाडी खरं म्हणजे ८५ ने पळत असते. काही शे किलोमीटर चालवलीस की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपास, ठोकळे आणि रबर या काळात थोडे बसतात.

किट मागवायच्या आधी तुझ्याकडचे उंची बदलण्याचे नियम आणि विम्याच्या अटी वाचून घे. नियम आड येत असेल तर हे काम करू नकोस.

पुढच्या पत्रात मला तीन गोष्टी कळव: टायरचा नेमका आकार, स्टिअरिंग शाफ्टला किती वाव आहे ते मोजून, आणि मागच्या दोन माउंटचे बोल्ट हलतात का. ते हलले नाहीत तर तसंच राहू दे. मी आलो की आपण दोघं मिळून काढू, टॉर्क पाना मी घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
मित्र

ता. क. किटमधले बोल्ट जुन्या बोल्टशेजारी ठेवून बघ. ठोकळा जेवढा जाड, तेवढेच ते जुन्यांपेक्षा जास्त लांब हवेत. आखूड असतील तर नटात पुरेसे आटे धरणार नाहीत, फार लांब असतील तर नटाबाहेर निघून फरशीला टेकतील आणि आवळल्यासारखे वाटूनही सैलच राहतील.