हायडीचं काय?

हाउन्स्लो,
१७ सप्टेंबर २०२३

प्रिय मंद्या,

परवा गणपती बसणार, म्हणजे आज तू नक्की माळ्यावर चढून मखराचं सामान खाली काढत असशील. ते सगळं उरकून चहा घेऊन बसलास की मगच हे वाच, पत्र लांबणार आहे. शुक्रवारी रात्री, शुगाबेब्स या आपल्या लाडक्या ब्रिटिश गायिकांच्या गटाच्या इथल्या कार्यक्रमावरून तुझा मेसेज आला, 'बघ, शेवटी मूळच्या तिघीच उभ्या राहिल्या ना!' त्याला अंगठा दाखवून मोकळं होता आलं असतं. पण या विषयावर आपण हॉस्टेलच्या गच्चीवर किती रात्री घालवल्या आहेत, तिथे अंगठा दाखवणं मला जमेना.

तर, गेलो होतो. ऑफिसातून घरी न येता थेट पिकॅडिली लाइन, ग्रीन पार्कला बदल आणि ज्युबिली लाइनने नॉर्थ ग्रिनिच. ओटू अरिनात वीस हजारांच्या आसपास माणसं मावतात. माझ्या आजूबाजूला बहुतेक सगळे आपल्याच वयाचे, चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे. दिवे गेले आणि मुटिया, कीशा, शिवॉन समोर आल्या तेव्हा मी रडलो. या मुलींनी शाळेच्या वयात एकमेकींबरोबर गायला सुरुवात केली होती, आणि एवढी मोठी जागा फक्त आपल्या नावावर भरायला त्यांना पंचवीस वर्षं लागली.

तुला ठाऊक असलेलंच थोडं पुन्हा सांगतो, कारण माझं म्हणणं त्यावर उभं आहे. १९९८ सालचं लंडन. शिवॉन डॉनही आणि मुटिया ब्वेना या दोघींना एकत्र आणलं गेलं, आणि मुटियाची मैत्रीण कीशा ब्युकॅनन तिसरी झाली. सप्टेंबर २००० मध्ये 'ओव्हरलोड' आलं तेव्हा शिवॉन सोळा वर्षांची होती, बाकीच्या दोघी पंधराच्या. तेव्हाच्या इतर पोरींच्या गटांसारखं त्यात नाचकाम नव्हतं, हसून दाखवणं नव्हतं. नुसत्या उभ्या राहून गायच्या. गाणं लिहिण्यातही तिघींचा वाटा होता. मुटियाचा खर्जाकडे झुकणारा आवाज, त्यावर कीशाच्या हरकती आणि वरून शिवॉनचा तो धुक्यासारखा पातळ सूर. तीन आवाज एकमेकांत मिसळतात तरी प्रत्येक वेगळा ऐकू येतो, हे तूच मला हेडफोनचा एक कान देऊन दाखवलं होतंस. ते गाणं इथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

आणि वर्षभरात सगळं मोडलं. ऑगस्ट २००१ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना शिवॉन 'बाथरूमला जाऊन येते' म्हणाली आणि परत आलीच नाही. तेव्हा सतरा वर्षांची होती रे ती. आपल्या नैराश्याबद्दल ती पुढे मोकळेपणाने बोलली. मंद्या, या जागी मी तुझ्याशी पूर्ण सहमत आहे: एवढ्याशा मुलीला त्या धबडग्यात टाकून कुणी मोठ्या माणसाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही, हा अन्यायच होता. ती परत आली, स्टेजवर उभी राहिली, हे बघून मला झालेला आनंद खोटा नाही. त्याच सुमारास रेकॉर्ड कंपनीनेही गटाला सोडलं. म्हणजे तीनपैकी एक गेलेली, पाठीशी कंपनी नाही.

अशा गटात कोण येईल? हायडी रेंज आली. लिव्हरपूलची, अठरा वर्षांची. योगायोग बघ, मुटियाचा आणि तिचा वाढदिवस एकच, २३ मे, फक्त दोन वर्षांचं अंतर. ती त्याआधी ॲटॉमिक किटन या गटात अगदी सुरुवातीला होती आणि त्यांचं पहिलं गाणं येण्याआधीच बाहेर पडली होती. २००१ च्या सुरुवातीला त्याच गटाचं 'होल अगेन' पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा ही त्यात नव्हती. एक नाव मोठं होण्याआधी सुटलेलं, आणि दुसरं हाती आलं ते बुडायला निघालेलं.

मग 'फ्रीक लाइक मी'. याची गोष्ट मी तुला कधी नीट सांगितली नसेल. रिचर्ड एक्स या संगीत-निर्मात्याने गॅरी न्यूमनच्या १९७९ सालच्या गाण्याचं संगीत घेतलं आणि त्यावर ॲडिना हॉवर्डचा १९९५ सालचा आवाज बसवला, अगदी चोरटं कलम. तो आवाज वापरायची परवानगी मिळाली नाही, म्हणून या तिघींनी ते नव्याने गायलं. २००२ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. मेलेला गट जिवंत झाला. पाठोपाठ 'राउंड राउंड', पुढच्या वर्षी 'होल इन द हेड', २००५ मध्ये 'पुश द बटन'. २००७ मध्ये गर्ल्स अलाउड या गटाबरोबर मदतनिधीसाठी केलेलं 'वॉक धिस वे', आणि त्याच वर्षी 'अबाउट यू नाउ'.

आता मोज. पहिल्या क्रमांकावर गेलेली ही सहा गाणी. त्यातल्या चारांत मुटिया आहे. शिवॉन एकातही नाही. सहाच्या सहा गाण्यांत दोघीच आहेत, कीशा आणि हायडी.

हे आकडे मी शिवॉनला कमी लेखायला मांडत नाहीये. पण शुक्रवारी यातली गाणी सुरू झाली, वीस हजार माणसं ती तोंडपाठ म्हणत होती, आणि हायडीच्या जागा शिवॉन गात होती. सुंदर गात होती. मला मात्र त्या प्रत्येक जागी तो दुसरा, स्वच्छ, सरळ लागणारा सूर ऐकू येत होता. आपण हॉस्टेलमध्ये ज्या गाण्यांवर जीव टाकला त्यांतला एक तृतीयांश आवाज त्या स्टेजवर नव्हता, आणि बाहेर पडताना मला कुणाच्याही तोंडी तिचं नाव ऐकू आलं नाही.

मुटिया २००५ च्या डिसेंबरात गेली तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी धड बोलला नव्हतास, आठवतं? त्या वर्षी तिला मुलगी झाली होती. तिच्या जागी अमेल बेराबाह आली आणि बाजारात आधीच असलेल्या अल्बमची काही गाणी मुटियाचा आवाज काढून, अमेलचा घालून पुन्हा विकायला ठेवली. त्यातलं एक, 'फॉलो मी होम', मुटियाने आपल्या लेकीसाठी लिहिलेलं. आईने लेकीसाठी लिहिलेलं गाणं, आणि ते दुसरीच्या गळ्यातून. याचा तुला आलेला राग मला तेव्हा अतिरेकी वाटला होता. आज वाटत नाही. पण तो राग तू अमेलवर काढलास, ते चूक होतं. आलेल्या पोरीने काय करायचं? समोर ठेवलेलं गाणं गायचं.

२००९ मध्ये कीशालाही जावं लागलं. हा निर्णय माझा नव्हता, असं तिने तेव्हाच जाहीर सांगितलं. तिच्या जागी जेड युवेन आली, त्याच वर्षी मॉस्कोच्या युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेत ब्रिटनला पाचवा क्रमांक मिळवून देणारी. पुन्हा तेच, जुना आवाज पुसून नवा. २०१० चा तो सातवा अल्बम मी दोनदा ऐकला आणि ठेवून दिला. गाण्यांत कुणीच नाही असं वाटायचं. तू तेव्हा म्हणालास, 'आता नुसती पाटी राहिली, दुकान गेलं.' ते मला पटलं होतं, आजही पटतं. पण लक्षात घे, त्या पाटीखाली एकटी हायडी पहिल्या दिवसापासून नसूनही आठ-नऊ वर्षं उभी होती. २०११ नंतर गट निरोपाचा कार्यक्रमही न करता गप्प झाला.

नावाची कथा तर विलक्षण आहे. मुटियाने 'शुगाबेब्स' या नावावर हक्क मागितला तो कागद, पुठ्ठा, भेटवस्तूंचे वेष्टनकागद अशा मालासाठी! गाण्यासाठी नाव मिळेना, म्हणून २०१२ मध्ये तिघी नुसत्या आपापल्या नावांनी परत आल्या, मुटिया कीशा शिवॉन. २०१३ ला एक गाणं आलं. अल्बम तयार असूनही पडून राहिला, तो गेल्या डिसेंबरात निघाला. नाव २०१९ ला हाती आलं. गेल्या वर्षी ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात त्यांच्या तंबूशी एवढी झुंबड झाली की तिकडे जाणारी वाट बंद करावी लागली. त्यांनी हे सगळं चिकाटीने मिळवलं आहे, मी त्यांच्या हक्काला आव्हान देत नाही.

मला फक्त 'मूळच्या' हा शब्द सलतो. तुझ्या मेसेजमधला.

आपल्याकडे नाटकात रिप्लेसमेंट म्हणतात. मी कधी बोललो नाही, आज बोलतो. दुसऱ्या वर्षीच्या एकांकिकेत तुला कावीळ झाली आणि प्राथमिक फेरीला तुझी भूमिका मी केली. आठ दिवस पाठांतर, रात्री दोनपर्यंत तालीम. आपण अंतिम फेरीत गेलो, तोवर तू बरा झालास आणि अंतिम फेरी तू केलीस, जीव ओतून केलीस. कॉलेजच्या अंकात फोटो आला, नावं आली. माझं नव्हतं. तुझ्यावर राग नव्हता, देवाशपथ नव्हता. भूमिका तुझीच होती. पण ती आपल्याला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेली ते आठ दिवस माझे होते, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. हायडीचे आठ दिवस नव्हते, दहा वर्षं होती.

एक कर. आज रात्री 'ओव्हरलोड' ऐक, मग लगेच 'फ्रीक लाइक मी', मग 'होल इन द हेड'. हेडफोन लावून. आणि मला प्रामाणिकपणे सांग, दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्यातून तो एक आवाज वजा केला तर काय उरतं. उत्तर मेसेजवर नको, कागदावर पाठव.

आणि माळ्यावर चढलाच आहेस तर तुझी ती हिरवी पत्र्याची ट्रंक उघडून बघ. प्राथमिक फेरीच्या दिवशी कुणीतरी कॅमेरा आणला होता, विंगेतून दोन-तीन फोटो काढलेले मला आठवतात. एखादा सापडला तर पाठव.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लाव.

तुझा,
अव्या