सूर्य मावळायच्या आत गाडी उभी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३० जूनला मध्य प्रदेशातल्या उद्यानांची गेट मिटली, ताडोब्याचा कोअर म्हणजे गाभ्याचा भागही बंद झाला. आता घरोघरी फोटो चाळणे आणि सरलेल्या सहलीचा हिशेब मांडणे चालू आहे. नागपूरहून निघून पेंच, कान्हा, बांधवगड करून परतायचे, हा आठ-नऊ दिवसांचा फेरा हल्ली पुण्या-मुंबईची कुटुंबेही स्वतःच्या गाडीने करतात. परतल्यावर चर्चा होते ती वाघ दिसला की नाही याची. पण फसलेली सहल सहसा जंगलात फसलेली नसते. ती दोन जंगलांमधल्या रस्त्यावर फसते, आणि तिथे नुकसान फक्त आपलेच होत नाही.

कागदावर सगळे सोपे दिसते. नागपूर ते पेंचचे तुरिया गेट दोन-अडीच तास. तिथून सिवनीमार्गे कान्ह्याचे खटिया चार-पाच तास. पुढे मंडला, शहपुरा, उमरिया करत बांधवगडचे ताला साधारण सहा तास. मग ठरते, की दुपारची सफारी करू आणि निघू. पण दुपारची सफारी सूर्यास्तालाच संपते. डिसेंबरात त्या भागात साडेपाच-पावणेसहाला दिवस मावळतो, म्हणजे पुढची सगळी वाट अंधारातली. म्हणून मुक्काम हलवायच्या दिवशी दुपारची सफारी घ्यायचीच नाही. सकाळची सफारी अकराच्या सुमारास संपते. सामान आदल्या रात्री बांधून ठेवले, तर बाराच्या आत निघून पेंचहून कान्हा उजेडात गाठता येतो. कान्हा-बांधवगड टप्प्याला तेवढेही पुरत नाही. त्या दिवशी सफारी न घेता नाश्ता करून निघावे. मध्य प्रदेशातली उद्याने बुधवारी दुपारी बंद असतात. पेंच-कान्हा प्रवास नेमका त्या बुधवारी ठेवला की एकही सफारी बुडत नाही. ताडोबा जोडायचा असेल तर तिथली सुट्टी मंगळवारी असते.

दुसरी नेहमीची चूक गेटची. कान्ह्याच्या खटिया बाजूला खोली आणि परमिट मुक्की गेटचे, असे सर्रास घडते. नकाशावर दोन्ही जवळ दिसतात, कारण मोबाइल उद्यानातला रस्ता दाखवतो. तो खासगी गाड्यांना खुला नाही. बाहेरून वळसा घालायला दोन तासांहून जास्त लागतात, म्हणजे पहाटेच्या सफारीसाठी ऐन काळोखात जंगलकडेने गाडी हाकणे आले. ताडोब्यात मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, तर कोलारा चिमूरच्या. पेंचचे जंगल सलग असले तरी तुरिया मध्य प्रदेशात, सिल्लारी महाराष्ट्रात, आणि दोघांचे बुकिंग वेगळे. त्यामुळे आधी परमिट, मग त्याच गेटजवळची खोली, हा क्रम उलटा करू नये. बुकिंगला ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला, त्याचीच मूळ प्रत सोबत हवी. मुलांचीसुद्धा.

आता रात्रीबद्दल, कारण या पत्राचे खरे कारण तेच आहे. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी तीसेक मीटर. म्हणजे साठ-सत्तर मीटर झाले, आणि डिपरच्या, म्हणजे दिव्यांच्या खालच्या झोताच्या, उजेडात नीट दिसते जेमतेम चाळीस-पन्नास मीटर. चितळ प्रखर झोतात जागीच थिजते. एक मादी पार झाली म्हणजे रस्ता मोकळा झाला असे नसते, तिच्यामागे कळप असतो. गव्याचे प्रकरण आणखी अवघड. अंग काळेभोर, त्यावर उजेड परततच नाही. आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय, जणू रस्त्यात चार पांढरे मोजे उभे आहेत. ते दिसेपर्यंत अंतर संपलेले असते. रातवा पक्षी थेट रस्त्यावर बसतो आणि साप दिवसभर तापलेल्या डांबरावर येतात. ते तर चाकाखाली आल्याचे कळतही नाही.

वाघही यातून सुटत नाही. बोर व्याघ्र प्रकल्पातला ‘बाजीराव’ हा वाघ डिसेंबर २०१७मध्ये बाजारगावजवळ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला. याच्या उलट चित्र पेंचला दिसते. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसर ते खवासा या पट्ट्यात रस्ता ठिकठिकाणी खांबांवर उचलून धरला आहे. अशी नऊ बांधकामे तिथे आहेत आणि त्यातले सर्वांत लांब ७५० मीटरचे. कडेच्या भिंती दिवे आणि आवाज अडवतात. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, रानडुक्कर आणि वाघही ये-जा करताना टिपले गेले. वरून जाणाऱ्या बहुतेकांना त्या भिंती कशासाठी आहेत हे ठाऊकही नसते. पण सिवनी-मंडला, मंडला-उमरिया किंवा चंद्रपूर-मूल या वाटांवर अशी सलग सोय नाही. तिथे जनावर वाचवणे चालवणाऱ्याच्याच हाती आहे.

उशीर झालाच, तर वेग ४० वर आणावा. तेवढ्या वेगात गाडी पंचवीसेक मीटरमध्ये थांबते. जनावर दिसले की दिवे डिपरवर आणावेत, थांबावे, हॉर्न वाजवू नये आणि शेवटचे पिल्लू जाईपर्यंत हलू नये. दिवसा वानरांना बिस्किटे टाकणेही थांबले पाहिजे, कारण त्याच सवयीने ती डांबरावर येऊन बसतात.

गाडीचे थोडक्यात. भरल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा वेगळा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, तो पाळावा आणि हवा टायर थंड असताना भरावी. स्टेपनीची हवाही पाहावी. डांबराच्या तुटक्या कडेवरून चाक उतरले तर टायरची बाजूची भिंत कापते, आणि ट्यूबलेसची पंक्चरपट्टी तिथे धरत नाही. इंधन सिवनी, मंडला, उमरिया इथे भरून घ्यावे. नकाशे आधीच उतरवून ठेवावेत, कारण रेंज जाते ती नेमकी फाट्यावर. जानेवारीत कान्ह्याच्या गवताळ मैदानांवर पहाटे दहिवर गोठते. उघड्या जिप्सीत एका जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारे जाकीट, आत दोन पातळ थर आणि हातमोजे जास्त उपयोगी पडतात.

संपादक महोदय, ऑक्टोबरात गेट उघडायच्या सुमारास आपल्या पुरवणीत अशा सहलींचे आराखडे येतील. त्यात किलोमीटरच्या रकान्याशेजारी त्या आठवड्यातली सूर्यास्ताची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि गेटचे नाव छापावे, ही विनंती.

आपले,
जंगल सहलींची आखणी करणारे काही वाचक, नागपूर