उलटतपास कोणी घ्यायचा?

वाई, रविवार

प्रिय कुंदे,

गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू, पुढे वाच. दादाने माझ्यावर दावा लावलाय. बेलीफ समन्स घेऊन आला तर मी त्याला पोस्टमन समजून चहा विचारला!

आईचं मृत्युपत्र आहे म्हणे. वाडा एकट्या दादाच्या मालकीचा ठरवून मिळावा आणि मला मनाई व्हावी, ही त्याची मागणी. कागदावर आईचा अंगठा आहे. अंगठा, कुंदे! रेशनच्या दुकानात शाईचं पॅड बाजूला सारून सही करणारी बाई ती.

सगळे म्हणतात, वकील दे. माझ्या मनात स्वतःच उभं राहायचंय. पक्षकाराला ती मुभा आहे. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची, फार तर कोर्ट ९० पर्यंत वाढवून देतं. लिहायला मी भीत नाही. वादविवादाची ढाल कोणी आणली होती? (मुद्दे तुझे होते, मान्य. ढालीवर नाव माझं आहे.) तू माझ्या वतीने बोलायला येशील, तर ते जमायचं नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे वकील नसलेल्याला त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. आणि तू सुरू झालीस की न्यायाधीश पुढची तारीखच देतील.

प्रश्न पैशाचा नाही. बायकांना उत्पन्न न बघता विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. खरं कारण तुलाच कळेल. दादा साक्षीला उभा राहील तेव्हा त्याला प्रश्न मला विचारायचेत. दवाखान्याच्या जिन्यात तो मला काय म्हणाला ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. ते त्याने शपथेवर पुन्हा म्हणून दाखवावं.

एका वकिलांकडे जाऊन आले. म्हणाले, "बाई, भावाचं सोडा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यातला निदान एक हयात असेल तर त्याला कोर्टात आणून तुमच्या भावाला ते शाबीत करावं लागेल. खरा उलटतपास त्याचा." आणि तो साक्षीदार कोण, तर बंडूभावजी! त्यांच्याकडे बघून मला हसूच फुटेल. शिवाय एक प्रश्न जास्त विचारला की साक्षीदाराला सावरायला जागा मिळते म्हणे. मला कधी एका प्रश्नावर थांबता आलंय? आणि मी पिंजऱ्यात असताना दादाचा वकील वाकडंतिकडं विचारायला लागला, तर हरकत कोण घेणार? मीच?

तेव्हा कैफियतीचा कच्चा मसुदा माझा आणि वकीलपत्र त्यांचं, असं करीन. बहुतेक. रात्री वहीत प्रश्न लिहीत बसते. बंडूभावजींसाठी म्हणून सुरुवात करते आणि पानभर दादालाच विचारलेलं असतं.

नातीचा फोटो पाहिला. नाक तुझंच, बिचारी. फ्लॅटचं काय झालं? भाऊजींना चालायला जायला लाव.

आणि हो, आईने तुला लिहिलेली पत्रं शोध. तिच्या सह्या जुळवून बघायला लागतील, शेवटच्या वर्षांतल्या जास्त. झेरॉक्स नको, मूळ पत्रं हवीत. पोस्टाने पाठवू नकोस, नितीन येतोय त्याच्या हाती दे. पण देण्याआधी एकदा वाचून घे. आपल्या दोघींबद्दल तिने काय काय लिहिलंय, ते सगळं दादाचा वकील वाचणार आहे.

तुझी,
शालू