फळ्यावरच्या तीन लिप्या

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, टीममध्ये ऐकू न येणारी एक मुलगी घेतलीय, कामाला चोख आहे, पण जेवायला आमच्यात बसत नाही, स्वभावच तसा असेल. मी गप्प राहिलो. फोनवर मला सुचत नाही, म्हणून आता लिहितोय.

मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूमची देखरेख-दुरुस्ती बघणारा, होतो, तेव्हा आमच्याकडे एक मुका-बहिरा विणकर होता. लूम चालू असले की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातवाऱ्यांवर. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला, मूठ ओठांशी नेली की चहा. या भाषेत तो आम्हा सगळ्यांचा उस्ताद. नवी पोरं त्याच्याकडूनच शिकायची. शेडमध्ये त्याला काही कमी आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

दहाच्या चहाला आम्ही बाहेर लिंबाखाली बसायचो आणि तिथे तो बहिरा व्हायचा. सोलापूरच्या पूर्वभागातला, तेलुगू वस्तीतला कारखाना, त्यामुळे गप्पा सगळ्या तेलुगूत. पहिली दोन वर्षं मलाही कळत नव्हत्या, इतर हसले की मी हसायचो. पण मला कुणीतरी मोडक्यातोडक्या मराठीत विनोद परत सांगायचं. त्याला कोण सांगणार? हळूहळू तो चहाचा ग्लास घेऊन लूमपाशीच बसायला लागला. आम्हीही म्हणालो, स्वभाव असेल.

एकदा विजेमुळे साप्ताहिक सुट्टी बदलली. मी चहाच्या वेळी तोंडी सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तो कुंभारीहून सायकल मारत आला आणि बंद गेटपाशी दुपारपर्यंत बसून राहिला. नंतर मला भेटला तेव्हा रागावला नाही, नुसतं स्वतःच्या कानाकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. ते बोट अजून दिसतं मला.

मग मी गेटजवळ फळा लावला. ऐटीत मराठीत सूचना लिहिली, तर त्याला वाचता येत होतं फक्त तेलुगू! एका पोराने खाली तेलुगूत लिहिलं. अक्कलकोटकडचा फिटर म्हणाला, मग कन्नडने काय घोडं मारलंय? तीन लिप्या झाल्या. गंमत म्हणजे कान शाबूत असलेले निम्मे लोकही तो फळा वाचायला लागले. पगाराची तारीख, बोनस, सगळं तिथेच. मला आधी विचारायला लाजत होते म्हणे.

तुमच्या कंपनीचं समान संधी धोरण असेलच, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते ठेवावंच लागतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. ते बघतील तुमचे एचआरवाले. तू एवढंच बघ, जेवताना ती कुठे बसते, तिला समोरच्यांचे ओठ दिसतात का. मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलतात का. मीटिंग संपल्यावर लिफ्टपाशी जे ठरतं, ते तिला कधी कळतं. आणि हे तिच्या माघारी ठरवू नकोस, तिलाच विचार. मी फळा लावताना त्याला विचारलं असतं, तर तेलुगूचा घोळ झाला नसता.

आईने शेंगाचटणीचे दोन डबे पाठवलेत. एक तुझा, एक ऑफिसात ने. त्या मुलीला तिखट चालतं का, ते आधी लिहून विचार.

तुझा,
बाबा